मला ठाऊक आहे...

मराठीत 'मला वाटतं', 'माझा विश्वास आहे', 'माझी श्रद्धा आहे' आणि 'मला माहीत आहे' ही चार वाक्यं आपण सहसा एकमेकांच्या जागी वापरत नाही. उद्या पाऊस पडेल असं वाटतं. भाचा परीक्षेत पास होईल असा विश्वास असतो (भाच्याला नसला तरी). विठोबावर श्रद्धा असते. आणि सातारा पुण्याच्या दक्षिणेला आहे हे माहीत असतं. देवधर्माच्या बाबतीत बोलताना आपल्याकडची धार्मिक माणसंही बहुतेकदा तिसऱ्या वाक्यावर थांबतात. फार तर 'प्रचीती आली' म्हणतात. 'देव आहे हे मला माहीत आहे, जसं सातारा कुठे आहे हे माहीत आहे' असं कुणी म्हणालं तर आपण जरा चमकून त्याच्याकडे बघू.

मॉर्मन लोकांमध्ये मात्र नेमकं हेच, चौथं वाक्य रूढ आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं युटामध्ये काढली. शेजारपाजार जवळजवळ सगळा मॉर्मन. माणसं अशी की आपण घर बदलतोय हे कळल्यावर न बोलावता दहाजण खोकी उचलायला हजर. तर त्यांच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास असतो. दोन वेळचं जेवण सोडायचं, त्याचे वाचलेले पैसे गरिबांसाठी द्यायचे आणि सभेला जायचं. (ही सभा पूर्वी गुरुवारी असे, १८९६ मध्ये रविवारी आली.) त्या दिवशी ठरलेलं प्रवचन नसतं. ज्याला वाटेल त्याने उठून पुढे जायचं आणि 'साक्ष' द्यायची. शेजारणीच्या आग्रहावरून मी दोनदा गेले. आजोबा आले, कॉलेजातली मुलगी आली, गवंडीकाम करणारा एक आडदांड गृहस्थ येऊन रडला. प्रत्येकाची गोष्ट वेगळी, पण शेवट एकच: हे चर्च खरं आहे हे मला ठाऊक आहे, जोसेफ स्मिथ प्रेषित होता हे मला ठाऊक आहे. मग एक पाचेक वर्षांचा मुलगा आला. त्याची आई कानात एकेक शब्द सांगत होती आणि तो माइकमध्ये म्हणत होता. 'मला... ठाऊक... आहे...'

हे 'ठाऊक' नक्की आलं कुठून, याचा शोध घेण्याचा नाद मला तिथे लागला तो अजून सुटलेला नाही. आज त्याबद्दलच लिहिते.

(एक खुलासा. या चर्चचं पूर्ण नाव 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. 'मॉर्मन' हे टोपणनाव वापरू नका असं त्यांच्या अध्यक्षांनी २०१८ मध्ये सांगितलं. पण दोनशे वर्षांच्या इतिहासाबद्दल लिहिताना दुसरा सुटसुटीत शब्द मिळत नाही. राग नसावा.)

सुरुवात एका मुलाच्या अगदी रास्त प्रश्नापासून होते. जोसेफ स्मिथ १८०५ साली व्हरमाँटमध्ये जन्मला, शेतकऱ्याच्या घरी. पुढे कुटुंब न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिमेला पालमायरा गावाजवळ येऊन राहिलं. त्या भागात तेव्हा धर्मजागृतीची लाटच आली होती. मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन असे सगळे जण मैदानात सभा घेत होते आणि प्रत्येकजण आपलाच मार्ग खरा म्हणून सांगत होता. घरात आई एकीकडे, वडील कुठेच नाहीत. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला प्रश्न पडला की यातलं खरं कोण? त्याने १८२० च्या वसंतात रानात जाऊन प्रार्थना केली आणि त्याला दर्शन झालं. उत्तर मिळालं: कुणीच नाही.

आता हे दर्शन त्याने वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितलं आहे. १८३२ च्या वहीत काही भाग त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात आहे. तिथे मुख्य गोष्ट आहे पापांची क्षमा, आणि दिसतो तो 'प्रभू'. सगळी चर्चेस वाट चुकली आहेत हे त्याला बायबल वाचून आधीच कळलं होतं असंही त्यात आहे. १८३८ च्या वृत्तांतात, म्हणजे जो आज त्यांच्या धर्मग्रंथात छापलेला आहे त्यात, दोन व्यक्ती दिसतात, पिता आणि पुत्र, आणि 'यातल्या कुठल्याच पंथात जाऊ नकोस' ही मुख्य गोष्ट होते. १८३२ ची वही पुढे चर्चच्या दप्तरात पडून राहिली. सर्वांसमोर आली ती थेट १९६५ मध्ये, एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातून!

टीकाकार म्हणतात, बघा, गोष्ट वाढत गेली. श्रद्धावान म्हणतात, आयुष्यातला मोठा प्रसंग आपणही दरवेळी वेगळा सांगतो. मला दोन्हींत तथ्य वाटतं. माझी आजी पानशेतच्या पुराची गोष्ट सांगायची तेव्हा दर वर्षी पाणी हातभर चढायचं. पण पूर आलाच नव्हता असं काही म्हणता येत नाही. मात्र आजीच्या पुरावर कुणी चर्च उभारलं नव्हतं, आणि पाणी किती हात होतं यावर कुणाचं लग्न टिकणं-मोडणं अवलंबून नव्हतं.

पुढची हकिकत थोडक्यात. १८२३ मध्ये मोरोनी नावाचा देवदूत आला, त्याने टेकडीत पुरलेल्या सोन्याच्या पत्र्यांबद्दल सांगितलं. १८२७ मध्ये ते पत्रे हाती आले. जोसेफने मजकूर सांगायचा आणि दुसऱ्याने लिहून घ्यायचा, असं करत 'बुक ऑफ मॉर्मन' तयार झालं. मार्च १८३० मध्ये पालमायरातच पाच हजार प्रती छापल्या. खर्च तीन हजार डॉलर, आणि त्यासाठी मार्टिन हॅरिस नावाच्या शेतकऱ्याने आपली शेती गहाण टाकली. ६ एप्रिल १८३० ला चर्चची स्थापना झाली.

इथे एक गंमत बघा. आपला 'साक्ष' हा शब्द 'अक्षि' म्हणजे डोळा यावरून आला आहे. साक्षीदार म्हणजे ज्याने डोळ्यांनी पाहिलं तो. सुरुवातीच्या मॉर्मन साक्षी अगदी या अर्थाच्या होत्या. ऑलिव्हर कौड्री, डेव्हिड व्हिटमर आणि मार्टिन हॅरिस या तिघांनी लिहून दिलं की देवदूताने आम्हाला पत्रे दाखवले आणि देवाचा आवाज आम्ही ऐकला. आणखी आठ जणांनी लिहून दिलं की आम्ही पत्रे हातात घेऊन पाहिले. ही दोन्ही निवेदनं आजही पुस्तकाच्या प्रत्येक प्रतीत छापतात. (हॅरिसने ते 'आत्मिक डोळ्यांनी' पाहिल्याचं नंतर म्हटल्याच्या नोंदी आहेत. त्यावर वाद घालणाऱ्यांनी रकानेच्या रकाने भरले आहेत, आपण त्यात नको शिरायला.) पत्रे मात्र देवदूत परत घेऊन गेला.

मग जे अकराजण नव्हते त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी पुस्तकाच्या शेवटी एक वचन आहे. वाच, मनापासून देवाला विचार, आणि पवित्र आत्मा तुला सत्य दाखवील. आणि १८२९ मध्ये कौड्रीला मिळालेल्या एका प्रकटीकरणात खूणही सांगितली आहे: गोष्ट बरोबर असेल तर छातीत ऊब दाटून येईल, चूक असेल तर बुद्धी बधिर होईल. पुरावा डोळ्यांतून छातीत आला तो इथे. आजचा मिशनरी तुमच्या दारात येऊन सांगतो तो प्रयोग हाच. मला तो मोठा लोकशाहीवादी वाटतो. पुरोहिताला विचारू नकोस, पंडिताला विचारू नकोस, थेट विचार! पालमायराच्या त्या मुलाने जे केलं ते प्रत्येकाने करून बघायचं.

पण प्रयोगाला एकच दार आहे, ही त्यातली अडचण. ऊब जाणवली तर सिद्ध झालं. नाही जाणवली तर? तर मन पुरेसं शुद्ध नसेल, हेतू खरा नसेल, पुन्हा विचार. 'विचारलं, आणि उत्तर नाही असं आलं' ही नोंद करायला वहीत रकानाच नाही. आपल्याकडच्या नवसांसारखंच झालं हे. फळलेला नवस फेडायला माणूस वाजतगाजत जातो आणि चार लोकांना सांगतो. न फळलेल्या नवसाची मिरवणूक निघालेली मी तरी पाहिली नाही.

बॉइड पॅकर नावाचे त्यांचे एक प्रेषित होते. त्यांनी १९८२ च्या एका भाषणात विमानातला प्रसंग सांगितला. शेजारचा नास्तिक प्रवासी विचारत होता, देव आहे हे तुम्हाला 'कसं' ठाऊक? पॅकरनी त्याला विचारलं, मिठाची चव कशी असते ते सांगा बरं. त्याला काही सांगता येईना. बस, म्हणाले, मलाही तसंच ठाऊक आहे, शब्दांत सांगता येत नाही इतकंच. गोष्ट झकास आहे. युटात ती मी चार वेगवेगळ्या लोकांकडून ऐकली. पण मीठ सगळ्यांना सारखंच लागतं हो! एकाला मीठ चाखून जोसेफ प्रेषित होता हे कळतं आणि दुसऱ्याला त्याच मिठातून आणखी कुणाचं तरी प्रेषितपण कळतं, असं होत नाही. त्याच भाषणात पॅकरनी असंही सांगितलं की साक्ष ही साक्ष देण्यातूनच सापडते. म्हणजे आधी म्हणा, मग जाणवेल. तो माइकपुढचा मुलगा मला तेव्हा आठवला.

मिठाची ही अडचण मॉर्मनांना फार लवकर भोगावी लागली. २७ जून १८४४ ला इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफ आणि त्याचा भाऊ हायरम यांना गोळ्या घातल्या. वारस कोण हे स्पष्ट नव्हतं. ब्रिगहॅम यंग म्हणाला, बारा प्रेषितांचं मंडळ. सिडनी रिग्डन म्हणाला, मी. आणि जेम्स स्ट्रँग नावाच्या, चर्चमध्ये येऊन जेमतेम काही महिने झालेल्या माणसाने जोसेफचं पत्र असल्याचा दावा केला. एवढ्यावर न थांबता त्याने १८४५ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये जमिनीतून धातूचे पत्रे काढून दाखवले, साक्षीदारांसमोर, आणि त्यांचं भाषांतरही केलं! खुद्द मार्टिन हॅरिस काही काळ स्ट्रँगच्या बाजूने गेला, त्याचा प्रचार करायला इंग्लंडलाही जाऊन आला. जोसेफची पत्नी एमा यंगबरोबर गेली नाही, आणि १८६० मध्ये तिचा मुलगा वेगळ्याच शाखेचा प्रमुख झाला (ती शाखा आता 'कम्युनिटी ऑफ क्राइस्ट' म्हणून ओळखली जाते). म्हणजे एकच पुस्तक, एकच प्रार्थना, छातीतली तीच ऊब, आणि उत्तरं निदान तीन-चार. या सगळ्यांनाच ठाऊक होतं.

आता दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. 'मला वाटतं' एवढ्या भांडवलावर माणसं वाळवंट ओलांडत नाहीत. १८४७ मध्ये यंग लोकांना घेऊन सॉल्ट लेकच्या खोऱ्यात आला तेव्हा तो भाग अमेरिकेतही नव्हता, मेक्सिकोत होता. १८५६ मध्ये बैलगाड्या परवडत नाहीत म्हणून युरोपातून आलेल्या गरीब कुटुंबांनी आयोवापासून तेराशे मैल हातगाड्या ओढल्या. त्यातल्या दोन तुकड्या उशिरा निघाल्या, वायोमिंगच्या बर्फात अडकल्या, आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. वाचलेल्यांपैकी कित्येकांनी नंतर आयुष्यभर साक्ष दिली. आमच्या शेजारणीची खापरपणजी त्यात होती. तिचा फोटो दिवाणखान्यात लावलेला असे. त्या बाईला 'आजी, तुम्हाला नक्की माहीत होतं की नुसतं वाटत होतं?' असं विचारण्याची माझी तरी छाती झाली नसती.

आणि त्यानंतर वर्षभरातच, ११ सप्टेंबर १८५७ ला, दक्षिण युटातल्या माउंटन मेडोज इथे याच खात्रीच्या माणसांनी कॅलिफोर्नियाला निघालेल्या एका तांड्यातल्या सुमारे १२० जणांना मारलं. पांढरं निशाण दाखवून, शस्त्रं खाली ठेवायला लावून. बायका आणि मुलंसुद्धा. अगदी लहान तेवढी वाचवली. केंद्र सरकारची फौज युटावर चालून येत होती, घबराट होती, हे सगळं खरं. पण वरून आलेला हुकूम बरोबरच असणार हे ज्यांना 'ठाऊक' होतं त्यांनीच घोडे चाप ओढला. शिक्षा झाली ती एकट्या जॉन ली याला, वीस वर्षांनी, १८७७ मध्ये. या प्रकरणावरचं पहिलं सज्जड पुस्तक १९५० मध्ये लिहिलं ते जुअनिता ब्रूक्स या दक्षिण युटातल्याच मॉर्मन बाईने. घर सांभाळून, लोकांची बोलणी खाऊन. आणि ती चर्चमध्येच राहिली! चर्चने या हत्याकांडाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला तो २००७ मध्ये.

(थोडं विषयांतर, पुणेकर नातेवाइकांसाठी. हे लोक आपल्याकडेही येऊन गेले आहेत, आणि अलीकडे नव्हे. १८५२ मध्ये ह्यू फिंडले हा मिशनरी मुंबईत उतरला आणि तिथून पुण्याला गेला. पुण्याच्या छावणीच्या आसऱ्याने त्यांची छोटीशी शाखाही काही काळ होती. १८५७ च्या आधीच सगळा कारभार आवरला. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, पुणेकरांना 'मला ठाऊक आहे' हे शिकवायला बाहेरून माणूस कशाला यायला हवा होता?)

मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जवळचा वाटतो तो बी. एच. रॉबर्ट्स. जन्म १८५७, इंग्लंड. लहानपणी, नऊ-दहा वर्षांचा असताना, मैदानं ओलांडून युटाला आला, बराचसा रस्ता अनवाणी. खाणीत काम केलं, लिहायला-वाचायला उशिरा शिकला, आणि पुढे चर्चचा इतिहासकार आणि बुक ऑफ मॉर्मनचा सर्वांत तगडा वकील झाला. १८९८ मध्ये काँग्रेसवर निवडूनही आला, पण एकाहून जास्त बायका असल्यामुळे सभागृहाने त्याला बसू दिलं नाही. (तोही एक स्वतंत्र लेख होईल.)

तर १९२१ मध्ये कुणा जिज्ञासूचे पाच प्रश्न फिरत फिरत त्याच्याकडे आले. पुस्तकात प्राचीन अमेरिकेत घोडे आहेत, पण कोलंबस आला तेव्हा तिथे घोडा नव्हता. पोलाद आहे, रेशीम आहे, वाकड्या तलवारी आहेत. आणि अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या इतक्या वेगवेगळ्या भाषा पुस्तक म्हणतं तेवढ्या थोड्या काळात कशा तयार झाल्या? आजवर शेकडो प्रश्नांना उत्तरं दिलेला हा माणूस बसला, पुरातत्त्व वाचलं, भाषाशास्त्र वाचलं, आणि त्याला उत्तर सापडेना. त्याने दडपलं नाही. शंभरावर पानांचं टिपण करून जानेवारी १९२२ मध्ये थेट अध्यक्ष आणि प्रेषितांपुढे ठेवलं: हे प्रश्न उद्या आपली मुलं विचारणार आहेत, आपण काय सांगायचं?

त्या बैठकीत काय झालं याची आठवण रॉबर्ट्सने १९३३ मध्ये, मृत्यूच्या थोडं आधी, एका परिचिताला सांगितली आणि त्याने ती रोजनिशीत लिहून ठेवली. उत्तर कुणी दिलं नाही. एकामागून एक उठले आणि प्रत्येकाने साक्ष दिली की पुस्तक खरं आहे. एकाच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा संतापले होते. आता तेवढा राग येत नाही. प्रश्न विचारणाऱ्याला त्यांनी हाकललं नाही, खोटं काही सांगितलं नाही. त्यांच्याकडे जे होतं ते दिलं. पण घोड्याबद्दल विचारलं होतं हो... आणि मिळालं छातीतलं ऊन. दोन्ही 'ठाऊक' एका शब्दात कोंबले की असं होतं. एका प्रकारच्या माहितीचा प्रश्न आणि दुसऱ्या प्रकारच्या माहितीचं उत्तर.

रॉबर्ट्स काम करत राहिला. ईथन स्मिथ नावाच्या पाद्र्याचं १८२३ मधलं एक पुस्तक आहे, अमेरिकेचे मूळ रहिवासी हे इस्रायलचे हरवलेले वंशज आहेत असं सांगणारं. त्याची बुक ऑफ मॉर्मनशी रॉबर्ट्सने कलमवार तुलना केली, इतकी निर्दय की शत्रूनेही केली नसती. ती हयातीत छापली नाही. १९८५ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने छापली. आणि तरीही जाहीर सभांतून तो अखेरपर्यंत त्या पुस्तकाची साक्ष देत राहिला. त्याचा विश्वास गेला होता का? दोन्ही बाजूंचे अभ्यासक आजही त्याला आपापल्या बाजूला ओढतात. मला वाटतं, त्याच्या मनात दोन खोल्या होत्या आणि मधलं दार त्याने मुद्दाम उघडं ठेवलं होतं. थंडी वाजत असूनही.

सगळ्यांना ते जमत नाही. आमच्या त्या शेजारणीचा नवरा (नाव-गाव सोडून देते) एका रविवारी सभेत उठला आणि 'मला आशा आहे' म्हणाला. बास, एवढंच. चर्च सोडलं नाही, दारू प्यायला लागला नाही, दशांश देणं थांबवलं नाही. एक क्रियापद बदललं. त्या घरात पुढचे सहा महिने जे झालं ते मी भिंतीपलीकडून पाहिलं. मॉर्मन समजुतीप्रमाणे मंदिरात लागलेलं लग्न मृत्यूनंतरही टिकतं, अनंतकाळासाठी. त्यामुळे नवऱ्याची आशा ही बायकोला आशा वाटेना. तिला तो स्टेशनावर मागे राहिल्यासारखा वाटायला लागला, आणि गाडीत ती आणि मुलं. 'तू फक्त एकदा म्हण ना ठाऊक आहे म्हणून' असं ती त्याला म्हणाली होती, हे तिनेच मला सांगितलं. त्याला खोटं बोलवेना. विशेष म्हणजे खोटं न बोलणं हे त्याला त्या चर्चनेच शिकवलं होतं. आम्ही परत आलो तेव्हा दोघं एकत्रच होते. आता नाताळला शुभेच्छापत्र येतं, त्यावर दोघांच्याही सह्या असतात.

खरं म्हणजे त्यांच्याच ग्रंथांत अशा माणसाला जागा आहे. १८३१ च्या एका प्रकटीकरणात ईश्वरी देणग्यांची यादी आहे. काहींना 'ठाऊक असणं' ही देणगी मिळते, आणि काहींना अशांच्या शब्दावर 'विश्वास ठेवणं' ही. दोन्ही देणग्याच. बुक ऑफ मॉर्मनमधला अल्मा तर श्रद्धा म्हणजे पूर्ण ज्ञान नव्हे असं स्पष्ट सांगून बी पेरण्याचा दृष्टान्त देतो. आणि जोसेफने १८४२ मध्ये आपल्या धर्माची तेरा कलमं लिहिली तेव्हा त्यातली बहुतेक 'आम्ही विश्वास ठेवतो' अशीच सुरू केली. मग सभेत दुसरं क्रियापद एकदम ओशाळवाणं का होतं, हे मला कुणी नीट सांगू शकलं नाही. मला वाटतं ते उच्चारल्याने कळपात असल्याची खूण पटते, आणि न उच्चारलेलं लगेच ऐकू येतं.

संशय घेणाऱ्यांना सगळं कळतं असंही नाही, हे सांगायला एक वेगळीच हकिकत आहे. १९८० पासून मार्क हॉफमन नावाचा तरुण चर्चच्या सुरुवातीच्या काळातली एकेक अद्भुत कागदपत्रं 'शोधून' आणू लागला. १९८४ मध्ये तर त्याने मार्टिन हॅरिसचं म्हणून एक पत्र आणलं, ज्यात पत्र्यांवर देवदूताऐवजी पांढरा सॅलॅमँडर (पालीसारखा दिसणारा एक प्राणी) राखण करत होता! खळबळ उडाली. चर्चच्या वरिष्ठांपैकी काहींनी त्याची सांगड श्रद्धेशी घालायला सुरुवात केली. इतिहासकारांनी नवे सिद्धान्त मांडले. चर्चला 'द्रष्टे आणि प्रकटीकरण लाभलेले' असे पंधरा नेते असतात. त्यातल्या अनेकांनी हॉफमनशी हस्तांदोलन केलं होतं, पण छातीत कुणालाच काही वेगळं जाणवलं नाही. पकडला जाईल या भीतीने हॉफमनने १५ ऑक्टोबर १९८५ ला सॉल्ट लेकमध्ये दोन बॉम्ब पेरले आणि दोन निरपराध माणसं मारली. दुसऱ्या दिवशी तिसरा बॉम्ब त्याच्याच गाडीत फुटला. सूक्ष्मदर्शकाखाली शाईला पडलेल्या भेगा दिसल्या तेव्हा कागद बनावट असल्याचं सिद्ध झालं.

पण मला त्यात आवडते ती दुसरीच गोष्ट. त्या पत्राबद्दल छापून शंका घेणारा पहिला माणूस होता जेरल्ड टॅनर, चर्च सोडलेला, आयुष्यभर चर्चविरुद्ध पत्रकं काढणारा. ते पत्र खरं ठरलं असतं तर सर्वाधिक फायदा त्याचाच होता. घरच्यांनाही त्याचं म्हणणं पटत नव्हतं. पण मजकूर त्याला खटकला, आणि त्याने तसं १९८४ मध्येच लिहिलं.

२०१३ पासून चर्चने स्वतःच्या संकेतस्थळावर अवघड विषयांवर निबंध टाकले. दर्शनाचे वेगवेगळे वृत्तांत, जोसेफच्या बायका, इजिप्तचे पपायरस, सगळं त्यात आलं. रॉबर्ट्सचा प्रश्न नव्वद वर्षांनी का होईना, दप्तरात दाखल झाला. ते वाचून काहींनी चर्च सोडलं, काही जास्त शांतपणे राहिले.

त्या पहिल्या तीन साक्षीदारांचं पुढे काय झालं हे राहिलंच. कर्टलंडमध्ये चर्चने काढलेली बँक १८३७ मध्ये बुडाली, भांडणं विकोपाला गेली, आणि १८३८ संपायच्या आत तिघंही चर्चच्या बाहेर होते. कौड्री आणि हॅरिस पुष्कळ वर्षांनी परतले. डेव्हिड व्हिटमर कधीच परतला नाही. मिसुरीतल्या रिचमंड गावात भाड्याने घोडे देण्याचा धंदा करून तो मोठा प्रतिष्ठित नागरिक झाला. लोक लांबून लांबून विचारायला येत, खरंच पाहिलं होतंत का? आणि तो प्रत्येकाला सांगे, हो, पाहिलं होतं, ऐकलं होतं. एकदाही फिरला नाही.

१८८७ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, मरणाच्या थोडं आधी त्याने एक पुस्तिका काढली. त्यात तो म्हणतो त्याचा आशय असा: देव स्वतःच्या आवाजात माझ्याशी बोलला या माझ्या साक्षीवर तुमचा विश्वास असेल, तर हेही ऐका, जून १८३८ मध्ये तोच आवाज पुन्हा माझ्याशी बोलला, आणि या लोकांतून बाहेर पड असं त्याने मला सांगितलं.

त्याची पहिली साक्ष बुक ऑफ मॉर्मनच्या प्रत्येक प्रतीत सुरुवातीलाच छापलेली असते. दुसरी नसते.